गोपाळ गणेश आगरकर आणि आमची इंग्रजीची वही



या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, असे मला सांगण्यात आले. मी इंग्रजी शिकवतो, तेव्हा एखाद्या इंग्रज ग्रंथकाराविषयी लिहीन अशी काहींची अपेक्षा असेल. पण मी लिहिणार आहे गोपाळ गणेश आगरकरांविषयी. 'सुधारक'कर्ते आगरकर, टिळकांचे आधी मित्र आणि नंतर विरोधक, एवढी ओळख तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून झालेलीच आहे. मला सांगायचे आहेत ते वाक्याशी झटणारे आगरकर. ते कोणते, हे सांगण्याआधी माझ्या वर्गातली एक गोष्ट ऐकून घ्या.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी नववीला 'माय फादर' हा निबंध लिहायला दिला होता. एका मुलाचा निबंध इतका स्वच्छ होता की लाल शाईला कामच उरले नाही. वडील डॉक्टर आहेत, पहाटे उठून बागेत फिरायला जातात, गरीब रोग्यांकडून फी घेत नाहीत, असे त्यात लिहिले होते. मी दहापैकी आठ गुण दिले. पुढे पालकसभेला त्याचे वडील आले, तेव्हा कळले की ते बाजारात हातगाडीवर केळी विकतात. मुलाने गाइडमधला निबंध जसाच्या तसा उतरवला होता.

त्या रात्री मी बराच वेळ विचार करत बसलो. मुलाला रागवावे असे वाटेना, कारण चूक माझी होती. व्याकरण आणि लेखन या दोन वेगळ्या कोठड्या मीच करून ठेवल्या होत्या. व्याकरण म्हणजे व्याख्या पाठ करायच्या आणि रिकाम्या जागा भरायच्या. निबंध म्हणजे पाठ करून उतरवायचा. दोन्हींत मुलाला स्वतःचे असे एकही वाक्य करावे लागत नव्हते. आपल्या वडिलांविषयी एक खरे वाक्य इंग्रजीत लिहायची त्याला भीती वाटली, म्हणून त्याने दुसऱ्याचे वडील उसने आणले.

तेव्हापासून मी गाइड बाजूला ठेवले आणि वर्गात एक वेगळी वही सुरू केली. मी एखादी हकिकत थोडी थोडी सांगतो, मराठीत आणि जिथे अडेल तिथे आपल्या घरच्या उर्दूत. मुले ती आपापल्या इंग्रजीत पाच-सहा वाक्यांत लिहितात. वह्या तपासताना सापडलेली चूक दुसऱ्या दिवशी फळ्यावर येते, नाव न सांगता, आणि त्या दिवसाचे व्याकरण तेच. पहिली मोठी हकिकत मी निवडली ती आगरकरांची. कारण उघड होते. हा माणूस आपल्या वऱ्हाडात, अकोल्याच्या शाळेत शिकून मॅट्रिक झाला होता.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची अत्यंत गरिबी. शिक्षण कऱ्हाडला सुरू झाले, पण थोडे इंग्रजी झाल्यावर पुढची सोय तिथे नव्हती आणि पैसा तर नव्हताच. आज ज्या वयाची मुले माझ्यापुढे बाकावर बसतात, त्या वयात गोपाळने कऱ्हाडच्या मामलेदार कचेरीत कारकुनाच्या हाताखाली काम केले. शिकायला मिळेल या आशेने तो घाट उतरून पायी रत्नागिरीस गेला. तिथे निभाव लागला नाही, म्हणून परत आला. मग दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. विद्यार्थ्यांनो, शाळा सुटणे म्हणजे सगळे संपले असे नाही, हे तुम्हाला या मुलाकडून कळेल. त्याची शाळा एकदा नव्हे, दोनदा सुटली आणि दोन्ही वेळा त्याने ती पुन्हा धरली.

शेवटी नातेवाइकांच्या आश्रयाने तो अकोल्याला आला. सातारा जिल्ह्यातून अकोला म्हणजे त्या काळी परमुलूखच. वऱ्हाडात तेव्हा इंग्रजी शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. अकोल्याच्या शाळेत त्याला विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक लाभले. महाजनी स्वतः लेखक होते. त्यांनी शेक्सपियरची नाटके मराठीत आणली आणि पुढे १९०७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जो शिक्षक स्वतः लिहितो त्याच्या वर्गातली हवाच निराळी असते, असे मला वाटते. आम्हा शिक्षकांपैकी किती जण पगारपत्रकाशिवाय आणि हजेरीशिवाय काही लिहितात, हा प्रश्न इथे विचारायला हरकत नाही. मी स्वतःलाही विचारतो.

याच काळात अकोल्याहून निघणाऱ्या 'वऱ्हाड समाचार' या पत्रात आगरकर लिहू लागले. पालकहो, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. हा मुलगा आधी सगळे व्याकरण पुरे करून मग लिहायला बसला नाही. विद्यार्थिदशेतच त्याचे लिहिणे छापून लोकांपुढे गेले. छापलेले वाक्य गावातला कोणीही वाचतो आणि चुकले तर कोणीही बोट ठेवतो. त्या धाकाने वाक्य जसे नीट होते तसे वेताच्या छडीने होत नाही. माझ्या वर्गात छापखाना नाही. मी महिन्यातून एकदा मुलांची चांगली वाक्ये मोठ्या कागदावर लिहून व्हरांड्यात चिकटवतो. मधल्या सुट्टीत तिथे गर्दी होते आणि दुसऱ्याच्या वाक्यातली चूक काढायला तर सगळेच पुढे असतात. काढू द्या. चूक काढायलाही व्याकरण लागते.

१८७५ साली आगरकर मॅट्रिक झाले. आगरकरांच्या चरित्रांत एक प्रसंग येतो. शाळेतल्या एका शिक्षकांनी, हा मुलगा कसला पुढे जातो, अशा अर्थाचे टोचून बोलले, तेव्हा गोपाळने तुमच्यासारखाच एम. ए. होऊन दाखवीन असे सांगितले. आणि तो झाला.

मी हे वर्गात सांगितले आणि वह्यांत जे आले ते पाहण्यासारखे होते. निम्म्या मुलांनी लिहिले, 'ही टोल्ड दॅट आय विल बिकम एम. ए.' आता हा 'आय' कोण? वाचणारा समजणार की लिहिणारा विद्यार्थीच एम. ए. होणार आहे! मुलाचा दोष नाही. आपण मराठीत म्हणतो, तो म्हणाला की मी एम. ए. होईन. उर्दूत म्हणतो, उसने कहा कि मैं एम. ए. करूँगा. दोन्ही भाषांत बोलणाऱ्याचा 'मी' आणि 'मैं' तसाच राहू शकतो. इंग्रजीत अवतरणचिन्हे काढली की 'आय'चा 'ही' होतो आणि 'विल'चे 'वुड' होते. डायरेक्ट-इनडायरेक्टचे सतरा नियम मी पूर्वी फळ्यावर लिहून देत असे. ते त्या दिवशी लिहिलेच नाहीत. मी एवढेच विचारले की एम. ए. कोण झाले, तुम्ही की आगरकर? वर्ग हसला आणि पेन्सिली आपोआप चालू लागल्या.

पुढे आगरकर पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले. अंगावर एकच सदरा. रात्री तो धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच चढवायचा, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. फीसाठी शिष्यवृत्ती, वक्तृत्वाची आणि निबंधाची बक्षिसे, वर्तमानपत्रातले लिखाण, जे मिळेल ते. म्हणजे अकोल्यात जडलेली लेखणीची सवय इथे पोट भरायच्या कामी आली. १८७८ साली ते बी. ए. झाले. कॉलेजातच त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री झाली आणि दोघांनी सरकारी नोकरी न करता शिक्षणाला वाहून घ्यायचे ठरवले.

सदऱ्याच्या गोष्टीने आमच्या वर्गात एक दिवस चांगलाच खाल्ला. 'ही वॉज वॉशिंग हिज शर्ट ॲट नाइट' असे बऱ्याच जणांनी लिहिले. मी विचारले, किती रात्री? सर, रोज. मग मराठीत कसे म्हणाल? तो सदरा धूत असे. आणि घरी अम्मीला सांगताना? वो धोया करता था. पाहा, 'धूत होता' आणि 'धूत असे' यांतला फरक तुम्हाला जन्मापासून ठाऊक आहे. 'धो रहा था' आणि 'धोया करता था' यांतलाही. इंग्रजीत त्या दुसऱ्यासाठीच 'यूज्ड टू वॉश' आहे. आमच्या मुलांना दोन-दोन भाषांचे व्याकरण तोंडात तयार असते आणि तरी आम्ही त्यांना व्याकरण येत नाही म्हणतो. त्यांना येत नाहीत ती व्याकरणाची इंग्रजी नावे. नावे मागाहून सांगितली तरी चालते, असा माझा अनुभव आहे.

एम. ए. जवळ आले तेव्हा आगरकरांनी आईला एक पत्र लिहिले, ते प्रसिद्धच आहे. मुलगा मोठ्या पगाराचा अधिकारी होईल आणि आपले पांग फिटतील, ही आशा सोड, मी थोड्या पैशांत समाधान मानून लोकांच्या कामाला आयुष्य देणार आहे, असा त्या पत्राचा आशय. टेंभूच्या त्या माउलीला वाचताना काय वाटले असेल? पालकहो, हे पत्र मी वर्गात जपून सांगतो. घरचे कर्ज फेडायला मुलाच्या नोकरीची वाट पाहणाऱ्या आईबापांची मुले माझ्यापुढे बसलेली असतात. त्यांनी नोकरी करू नये असे मी कोणत्या तोंडाने सांगू? मी एवढेच दाखवतो की हे अवघड बोलणेही त्याने दुसऱ्याकडून वदवले नाही. स्वतः लिहिले, स्पष्ट लिहिले.

पुण्यात २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक तिथे होतेच. एम. ए. होऊन आगरकरही त्यांना मिळाले. शाळेचा कारभार पाहणारे वामन शिवराम आपटे हे संस्कृतचे गाढे पंडित. या आपट्यांचे एक पुस्तक इंग्रजीच्या शिक्षकानेही पाहावे असे आहे. १८८१ साली त्यांनी विद्यार्थ्यांसाठी संस्कृत रचनेचे मार्गदर्शक पुस्तक इंग्रजीत लिहिले. शब्दांची रूपे घोकून झाली, आता त्यांची वाक्ये कशी करायची, हा त्याचा विषय. एकेक नियम, त्याची उदाहरणे आणि लगेच विद्यार्थ्याने स्वतः रचायची वाक्ये. आपल्याकडे इंग्रजीसाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यान् पिढ्या चालली, तिचेही मर्म हेच होते. नियम थोडा आणि वाक्ये फार. आमचे आजोबा-पणजोबा या पाठमालेवर इंग्रजी शिकले आणि कचेऱ्यांतून बिनचूक अर्ज लिहीत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि तरी दहावीचा मुलगा रजेचा अर्ज लिहून आणायला दुसऱ्याकडे जातो. हे कशाने झाले, याचा विचार आपण सर्वांनी करायचा आहे.

जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघाली. 'केसरी' मराठीत, 'मराठा' इंग्रजीत. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. वय पंचविशीच्या आत. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध या पत्रांनी लिहिले, ज्या कागदांच्या आधारावर लिहिले ते खरे ठरले नाहीत, आणि १८८२ साली आगरकर व टिळक या दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांना १०१ दिवस काढावे लागले. सुटल्यावर आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'चे त्यांनी केलेले मराठी रूप 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. अकोल्याच्या शिक्षकाने शेक्सपियर मराठीत आणला आणि त्याच शाळेतल्या विद्यार्थ्यानेही आणला, ही आपल्या वऱ्हाडाला भूषणावह गोष्ट होय.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज उघडले. आगरकर तिथे शिकवू लागले. इथून त्यांच्या आयुष्यातला तो भाग सुरू होतो, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

'केसरी' हे काही एकट्या आगरकरांचे पत्र नव्हते, मंडळींचे होते. बालविवाह, विधवांची स्थिती, स्त्रियांचे शिक्षण या विषयांत आगरकरांची मते एकीकडे आणि टिळकांसह बाकी मंडळींची दुसरीकडे, असे होऊ लागले. राजकीय स्वातंत्र्य आधी की समाजाची सुधारणा आधी, हा तो प्रसिद्ध वाद. त्या वादात कोण बरोबर, हे सांगण्याचे हे ठिकाण नव्हे, आणि आगरकरांची सगळीच मते आपल्याला पटतील असेही नाही. धर्माविषयीची त्यांची मते तर त्या काळच्या भल्याभल्यांना झोंबली. पण त्यांच्यापुढचा पेच समजून घ्या. अग्रलेखाखाली नाव नसले तरी तो संपादकाचा समजला जातो. आपल्याला जे खरे वाटत नाही ते आपल्या पत्रात छापायचे, आणि जे वाटते ते छापायला जागा नाही. १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला. सोबत्यांनी मिळून उभे केलेले, ज्याच्यासाठी तुरुंग भोगला ते पत्र!

मी हे सांगत होतो तेव्हा माझी नजर नकळत त्या केळीवाल्याच्या मुलाकडे गेली. तो खाली पाहत होता. मी काही बोललो नाही.

पुढचे वर्ष १८८८. या एका वर्षात आगरकरांनी दोन गोष्टी केल्या. पहिली 'सुधारक', ती सर्वांना माहीत आहे. दुसरी फार थोड्यांना माहीत असते. त्याच वर्षी त्यांचे 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तक निघाले. होय, व्याकरणाचे पुस्तक. समाजाशी एवढे मोठे भांडण अंगावर घेणारा माणूस उद्देश्य आणि विधेय यांच्यावर पुस्तक लिहितो, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला चमत्कारिक वाटले. आता वाटत नाही.

मराठी व्याकरणाचे काम त्याआधी दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली सुरू करून दिले होते. पण त्या जुन्या व्याकरणात भर होता तो शब्दावर. हे नाम, हे क्रियापद, याचे लिंग अमुक, विभक्ती अमुक. इंग्रजी शाळांतून वाक्य पुढे ठेवून त्याचे भाग पाडायची रीत आली होती. बोलतो आहोत कोणाविषयी आणि त्याच्याविषयी म्हणतो आहोत काय, हे आधी वेगळे करायचे. मग कोणता भाग कोणाला चिकटला आहे ते पाहायचे. एका वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य आहे का, असेल तर ते मुख्य वाक्याचे काय काम करते, ते शोधायचे. केवल, मिश्र, संयुक्त हे जे वाक्यांचे प्रकार तुम्ही शाळेत करता ते याच वाटेने आले. आगरकरांनी ही रीत मराठी वाक्याला लावली.

आता तुम्ही म्हणाल, याचा उपयोग काय? पृथक्करण म्हणजे वाक्याला प्रश्न विचारणे. कोण? काय केले? केव्हा? कशामुळे? असे असेल तरच का? ज्याला हे प्रश्न विचारायची सवय लागली तो अग्रलेखालाही विचारतो, भाषणालाही विचारतो आणि घराण्यात चालत आलेल्या रूढीलाही विचारतो. 'सुधारक'मधले आगरकर हेच करत होते.

माझ्या वर्गातले एक उदाहरण देतो. आगरकरांवर लिहिताना जवळजवळ प्रत्येकाने हे वाक्य लिहिले: 'ॲल्दो ही वॉज पुअर, बट ही स्टडीड.' इंग्रजीत इथे 'ॲल्दो' असेल तर 'बट' लागत नाही. हे मी वर्षानुवर्षे सांगत होतो आणि मुले वर्षानुवर्षे लिहीत होती. मग मी वाक्य आडवे तोडून फळ्यावर मांडले. वर मराठी: जरी तो गरीब होता, तरी तो शिकला. खाली उर्दू: अगरचे वो ग़रीब था, लेकिन उसने पढ़ाई की. जरी-तरी, अगरचे-लेकिन. आपल्या भाषांत सांधा दोन खिळ्यांनी बसवतात, इंग्रजीत एकाच खिळ्याने. एका मुलीने लगेच विचारले, सर, मग 'बिकॉज' लिहिले की 'सो' पण काढायचे का? काढायचे! आणि 'इफ'नंतर 'देन'? ते बहुधा लागत नाही. तीन नियम तिने एकाच्या पोटातून काढले. मी पुस्तकातून शिकवले असते तर तीन तास लागले असते आणि चौथ्या दिवशी सगळे विसरले असते.

तसेच आगरकरांच्या दम्याचे. त्यांना दम्याचा विकार होता. मुलांनी लिहिले, 'टू हिम वॉज ॲस्थमा.' त्याला दमा होता, उसको दमा था. दोन्हींकडे माणसाला 'ला' आणि 'को' लागतो. मला भूक लागली, मुझे भूख लगी, मला राग आला, मला आठवते. आपल्याकडे भूक, राग, आजार माणसाकडे येतात. इंग्रजीत माणूसच वाक्याच्या तोंडाशी उभा राहतो: 'ही हॅड ॲस्थमा', 'आय ॲम हंग्री'. हे एकदा दिसले की मुले स्वतः 'ला'वाल्या वाक्यांची यादी करू लागतात. माझ्याकडे अशी चाळीस वाक्ये जमली आहेत.

असो. व्याकरणात मी वाहवत गेलो. पुन्हा चरित्राकडे येतो.

'सुधारक' ऑक्टोबर १८८८ मध्ये निघाला. एकाच पत्रात दोन भाषा. मराठी बाजू आगरकरांची आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांची. गोखले त्या वेळी २२ वर्षांचे तरुण शिक्षक. एका मास्तराने मराठीत लिहायचे, दुसऱ्याने इंग्रजीत, आणि दोघांनीही दिवसा वर्ग घ्यायचे. या पत्रातून आगरकरांनी बालविवाहाला विरोध केला, विधवांच्या केशवपनाला विरोध केला, मुलींना मुलांसारखेच शिक्षण द्या आणि ते एकत्र द्या असे लिहिले. मुलीला शिकवले तर ती पुढे काय करील, अशी धास्ती तेव्हाच्या पुण्यात सुशिक्षित म्हणवणाऱ्यांनाही होती. आपल्याकडे मुली आता शाळेत येतात, चांगले गुण घेतात. पण नववी-दहावीनंतर पटावरून त्यांची नावे गळू लागतात, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. 'बिकॉज' आणि 'सो'चा प्रश्न विचारणारी ती मुलगी अकरावीला गेली की नाही, हे मी पुढे सांगतो.

लोकांनी आगरकरांना काय दिले? पुण्यातल्या सनातनी मंडळींनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आपल्याच नावाने निघालेली तिरडी जिवंत माणसाने पाहावी, याहून मोठा अपमान कोणता? आगरकरांनी उत्तर दिले ते पुढच्या लेखाने. त्यांच्या लेखांत राग पुष्कळ आहे, पण रागात वाक्य मोडलेले नाही. कितीही लांब वाक्य घ्या, त्याचे पृथक्करण करता येते. विद्यार्थ्यांनो, दहावीनंतर त्यांचे निबंध जरूर वाचा आणि एखादे वाक्य वहीत घेऊन त्याचे भाग पाडून पाहा.

१८९२ साली वामन शिवराम आपटे वारले. वय अवघे चौतीस. त्यांच्या जागी आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. अंगात दमा मुरलेला, वर्ग चालू, 'सुधारक' चालू. १७ जून १८९५ रोजी ते वारले. एकोणचाळिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या उशाशी एक पुडी सापडली, तीत अंत्यविधीच्या खर्चासाठी वीस रुपये बांधून ठेवलेले होते, असे सांगतात. कोणाला आपल्यासाठी पैसे मागावे लागू नयेत म्हणून.

हे सांगून झाल्यावर वर्गात कोणी बोलले नाही. मी म्हटले, लिहा. त्या दिवशी वह्यांत एक वाक्य बहुतेकांना बरोबर जमले: 'बिफोर ही डाइड, ही हॅड केप्ट ट्वेंटी रुपीज.' आधी काय घडले आणि नंतर काय, हे मनात पक्के होते, म्हणून 'हॅड' आपल्या जागी येऊन बसले. पास्ट परफेक्ट टेन्स हे नाव मी दुसऱ्या दिवशी सांगितले.

पालकांना दोन शब्द. मुलाच्या वहीत लाल खुणा दिसल्या तर रागावू नका. कोऱ्या वहीची आणि गाइडमधून उतरवलेल्या वहीची काळजी करा. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी चालेल. संध्याकाळी मुलाला एवढेच विचारा की आज लिहिलेल्या वाक्यात कोणी काय केले, ते आपल्या बोलीत सांग. सांगता आले नाही तर समजा की ते वाक्य त्याचे नाही. या वह्या वर्गाच्या कपाटात ठेवलेल्या असतात. कोणीही पालकाने कामाच्या दिवशी येऊन पाहाव्यात.

ती मुलगी अकरावीला गेली. तिचे अब्बा आधी नाही म्हणत होते. तिने त्यांना एक चिठ्ठी लिहिली, इंग्रजीत नव्हे, उर्दूत. त्यात काय होते ते तिने मला सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही.

आणि केळीवाल्याच्या त्या मुलाने वर्ष संपता संपता 'माय फादर' पुन्हा लिहून आणला, मी न सांगता. बारा ओळी होत्या. वडील पहाटे चार वाजता उठतात, हातगाडीचे एक चाक कुरकुरते, उरलेली केळी रात्री घरी येतात आणि मग सगळ्यांना तीच खावी लागतात. ओळींत अकरा चुका होत्या. त्यांतल्या चार 'ए' आणि 'द'च्या होत्या, ज्या आपल्या दोन्ही भाषांत नसल्यामुळे सगळ्यांच्याच होतात. मी पुन्हा दहापैकी आठच गुण दिले, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'ए' आणि 'द' घेतले.